साथीच्या काळातील सावित्रीमाई

२०२० च्या मार्च महिन्यात कोरोनाची साथ महाराष्ट्रात शिरली, तेव्हा राज्य शासनाने एक जुना कायदा हाती घेतला. साथरोग प्रतिबंधक कायदा, १८९७ हे त्याचे नाव. या कायद्याच्या आणि नंतरच्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या आधारे बाजार बंद झाले, रस्ते ओस पडले, शाळा व वसतिगृहे रिकामी झाली. बारामती-इंदापूर परिसरात त्या दिवसांत घराघरांत एकच वाद होता. एवढा कडक बंदोबस्त हवा की नको? जीव मोठा की मोकळीक मोठी?

तो कायदा पहिल्यांदा ४ फेब्रुवारी १८९७ रोजी अमलात आला होता. ज्या प्लेगसाठी तो केला गेला, त्याच प्लेगने चौतीस दिवसांनी, १० मार्च १८९७ रोजी, क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचा बळी घेतला. सावित्रीमाईंचे चरित्र आपण बहुधा पहिल्या शिक्षिकेचे चरित्र म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या समाजाने नुकतीच टाळेबंदी अनुभवली, त्याने त्या चरित्राचा शेवटचा अध्यायही नीट वाचला पाहिजे, असे आम्हांस वाटते. वरील वादाचे एक उत्तर त्या अध्यायात आहे.

सावित्रीमाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील. नायगाव नीरा नदीच्या दक्षिणेस आहे. तीच नीरा पुढे बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या दक्षिण सीमेवरून वाहत जाऊन नीरा नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. म्हणजे सावित्रीमाई आपल्याच नदीकाठच्या लेक होत. १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला. अक्षरओळख त्यांना सासरी, पतीकडून झाली. पुढे त्यांनी शिक्षिकेचे रीतसर प्रशिक्षण घेतले आणि १८४८ मध्ये पुण्यातील भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा त्या तिथे शिकवू लागल्या.

त्यापुढील इतिहास आपल्या विद्यार्थ्यांना मुखोद्गत आहे. शाळेच्या वाटेवर अंगावर शेण-चिखल झेलणाऱ्या सावित्रीमाई, १८४९ मध्ये सासऱ्यांनी घराबाहेर काढल्यावर दांपत्याला आसरा देणारे उस्मान शेख, सहकारी फातिमा शेख, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलामुलींसाठी काढलेल्या शाळा आणि त्या शाळांतून शिकून १८५५ मध्ये महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी चौदा वर्षांची मुक्ता साळवे. १८५४ मध्ये सावित्रीमाईंचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह निघाला. १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले आणि फसवल्या गेलेल्या विधवांना बाळंतपणासाठी निर्भय जागा मिळाली. १८६८ मध्ये घरच्या पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला झाला. यांपैकी प्रत्येक घटनेवर स्वतंत्र लेख लिहिता येईल. येथे मात्र आम्ही त्यांच्या दोन पत्रांकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, कारण कायदा आणि माणूस यांच्या नात्याविषयी सावित्रीमाई काय समजत होत्या, ते त्यांतून दिसते.

पहिले पत्र १८६८ सालचे, नायगावहून जोतीरावांना लिहिलेले. गणेश नावाचा पंचांग सांगत फिरणारा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार तरुणी यांचे प्रेम जमले होते. मुलगी गर्भवती असल्याचे कळताच गावकऱ्यांनी दोघांची मारीत धिंड काढली. त्यांना ठार करण्याचा बेत होता. सावित्रीमाई तिथे धावून गेल्या. त्यांनी जमावाला सांगितले, की असा खून इंग्रजी कायद्याने गुन्हा आहे आणि त्याची फळे प्रत्येकाला भोगावी लागतील. जमाव थबकला. दोघांचे प्राण वाचले व त्यांना पुण्यास जोतीरावांकडे पाठवण्यात आले. येथे समाज क्रूर झाला होता आणि सावित्रीमाईंनी कायद्याची ढाल केली.

दुसरे पत्र २० एप्रिल १८७७ चे, जुन्नर भागातील ओतूरहून लिहिलेले. त्याआधीची दोन वर्षे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस मोठ्या उलथापालथीची गेली होती. आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे येथे मे १८७५ मध्ये कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे गहाणखतांचे दप्तर जाळले आणि तो वणवा इतर तालुक्यांत पसरला. लागोपाठ १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. इंदापूर आणि त्या वेळचा भीमथडी तालुका म्हणजे मुळातच पावसाच्या छायेतील मुलूख. आज उजनीचे पाणी आणि कालव्यांमुळे येथे ऊस डोलतो, पण तेव्हा चारा नव्हता, दाणा नव्हता आणि माणसे गुरे सोडून गाव सोडत होती. सत्यशोधक समाजाने ठिकठिकाणी अन्नछत्रे उघडली. धनकवडी येथे दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी बालाश्रम चालवला. मुलांना आधी पोटभर अन्न आणि डोक्यावर छप्पर द्यावे, मग अक्षर, ही आपल्या निवासी शाळेचीही रीत आहे. तिचे मूळ आम्हांस त्या बालाश्रमात दिसते.

ओतूरच्या पत्रात सावित्रीमाई सांगतात, की दुष्काळात सावकारांशी झालेल्या झगड्यावरून पोलिसांनी पन्नास सत्यशोधक कार्यकर्ते पकडले. कलेक्टरने सावित्रीमाईंना बोलावले. त्यांनी निर्दोष माणसांवर खोटा आळ घेतल्याबद्दल त्याला समोरासमोर जाब विचारला. कलेक्टरला ते पटले. कार्यकर्ते सुटले, आणि त्याच कलेक्टरने उपाशी लोकांसाठी चार गाड्या ज्वारी पाठवली. येथे कायदा चालवणारे हात चुकले होते. सावित्रीमाईंनी त्या हातांशी वाद घातला, पण त्यांनी देऊ केलेली ज्वारी नाकारली नाही.

ही दोन पत्रे शेजारी ठेवली म्हणजे सावित्रीमाईंची भूमिका स्पष्ट होते. त्यांच्या लेखी सरकार देव नव्हते आणि समाजही देव नव्हता. दोघांपैकी जो दुबळ्याच्या छातीवर बसेल, त्याला त्या अडवीत. जो दुबळ्याच्या मदतीस येईल, त्याची मदत घेत. वीस वर्षांनंतर प्लेग आला, तेव्हाही त्या अशाच वागल्या.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद उपस्थित केला, तेव्हा सावित्रीमाई स्वतः टिटवे हाती घेऊन पुढे चालल्या. त्यानंतर सत्यशोधक समाजाची धुरा त्यांनी सांभाळली. १८९३ मध्ये, बारामतीला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यातील सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा यशवंत एका ब्राह्मण विधवेचा. तो वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाला व लष्करी सेवेत गेला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा प्लेग असल्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखले. माणसे गावाकडे पळू लागली आणि त्यांच्याबरोबर रोग पुण्यास पोहोचला. ताप चढे, जांघेत किंवा काखेत गाठ येई आणि थोड्याच दिवसांत माणूस जाई. उंदरांवरील पिसवांमुळे हा रोग माणसाला होतो, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. त्याचा शोध १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लावला. जानेवारी १८९७ मध्ये डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली होती, परंतु ती अजून जनतेपर्यंत आली नव्हती. उपाय एकच उरला होता. रोग्याला निराळे ठेवणे, त्याचे घर रिकामे करणे, धुऊन काढणे.

हे काम करण्यासाठी सरकारने जो कायदा केला, तो अगदी आटोपशीर होता, अवघ्या चार कलमांचा. साथ पसरत आहे असे वाटल्यास सरकारने हवे ते हुकूम काढावेत. ते मोडणाऱ्यास दंड संहितेच्या १८८ व्या कलमाखाली शिक्षा व्हावी. आणि सद्‌भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर कोणी दावा लावू नये. रोग्याचे हक्क कोणते, त्याच्या अन्नाची, सामानाची, मुलाबाळांची सोय कोणी लावायची, यावर कायद्यात एक अक्षर नव्हते.

पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली खास प्लेग समिती नेमली गेली. १३ मार्चपासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघर शिरू लागल्या. रोगी शोधून रुग्णालयात न्यावा आणि घरच्यांना छावणीत हलवावे, असा हुकूम होता. सामान जाळले गेले, स्त्रियांच्या तपासणीने अपमान झाला, देवघरे विटाळल्याच्या तक्रारी झाल्या. लोकांनी रोगी लपवण्यास आरंभ केला. लपवलेला रोगी घरच्यांनाही घेऊन जाई. लोकमान्य टिळकांनी रोग्यांना अलग ठेवण्याची गरज मान्य केली, हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय उभारण्यास हातभार लावला आणि त्याच वेळी ‘केसरी’तून सैनिकांच्या अरेरावीवर कडाडून टीका केली. पंडिता रमाबाईंनी सरकारी व्यवस्थेत स्त्रिया सुरक्षित नसल्याचे वृत्तपत्रातून जाहीरपणे लिहिले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्लंडमध्ये सैनिकांविरुद्धचे गंभीर आरोप मांडले. परतल्यावर ते सिद्ध करता न आल्याने त्यांना माफी मागावी लागली.

२२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट त्याच रात्री मारला गेला, रँड ३ जुलैला मरण पावला. सरकारने मग पुण्यावर जादा पोलिसांचा खर्च लादला. १८२७ च्या एका जुन्या नियमाखाली नातू बंधूंना चौकशीविना स्थानबद्ध केले. टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. रोगाविरुद्ध केलेला बंदोबस्त बघता बघता माणसांविरुद्धचा बंदोबस्त झाला. नागरी स्वातंत्र्याचा प्रश्न महाराष्ट्रात इतक्या तीव्रतेने क्वचितच उभा राहिला असेल, आणि ज्यांनी त्या काळात निर्भयपणे लिहिले त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे.

तरीही या साऱ्या वादात एक माणूस फारसा दिसत नाही. तो गावाबाहेरच्या वस्तीतील रोगी. सरकारच्या दप्तरात तो आकडा होता. शहरातील वाद बहुतांशी घराच्या अब्रूचा, सोवळ्याचा, उंबरठ्याच्या मर्यादेचा होता. ज्याच्या उंबरठ्याला मर्यादा आहे असे कोणी कधी मानलेच नाही, त्याच्या झोपडीचे काय? ज्याला पिढ्यान्‌पिढ्या रोग नसतानाही वेगळे ठेवले होते, त्याला रोग झाल्यावर हात कोण लावणार?

सावित्रीमाईंनी ते वाद सुरू होण्यापूर्वीच या प्रश्नाचे उत्तर आपल्या कृतीने दिले होते. १८९७ च्या आरंभी त्यांनी डॉ. यशवंत यांना बोलावून घेतले. हडपसरजवळ ससाणे मळ्यात, शहराबाहेर मोकळ्या माळावर, माय-लेकांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. ही जागा ध्यानात घेण्यासारखी आहे. दवाखाना वस्तीपासून दूर होता. म्हणजे रोग्याला निरोग्यांपासून वेगळे ठेवावे, हे सावित्रीमाईंना पूर्ण मान्य होते. साथ म्हणजे थोतांड, असे म्हणणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. फरक पुढे होता. या दवाखान्यात रोग्याला संगिनीच्या धाकाने आणले जात नव्हते. सहासष्ट वर्षांची एक वृद्धा त्याच्या दाराशी जाऊन त्याला घेऊन येत होती.

मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे त्यांना कळले. त्या तिथे गेल्या. तापाने फणफणलेल्या त्या पोराला त्यांनी पाठीवर घेतले आणि दवाखान्यात पोहोचवले. ज्या समाजात या मुलाची सावलीही टाळली जात होती, त्या समाजातील एका माळी कुटुंबातील स्त्रीने त्याला आपल्या अंगाशी बांधले. त्यातूनच सावित्रीमाईंना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्चच्या रात्री त्यांची प्राणज्योत मालवली. सैनिकांची घरझडती सुरू होण्यास तीन दिवस उरले होते. पुढे डॉ. यशवंत यांनीही हेच व्रत चालवले आणि १९०५ मध्ये प्लेगनेच त्यांचा अंत झाला.

त्या वर्षी बाबासाहेब आंबेडकर अवघे पाच वर्षांचे होते. पुढे त्यांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर जोतीराव फुले यांना आपले गुरू मानले. शूद्र पूर्वी कोण होते, या १९४६ च्या ग्रंथाची अर्पणपत्रिकाही जोतीरावांच्या नावे आहे. तथागतांच्या चरित्रातही एक प्रसंग आहे. अतिसाराने लोळणाऱ्या एका भिक्खूकडे सोबतीचे भिक्खू पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने त्याला स्वतः धुतले, बिछान्यावर निजवले आणि मग संघाला आजाऱ्याच्या सेवेचा धडा दिला. सावित्रीमाईंनी त्या दिवशी मुंढव्यात जे केले, ते आम्हांस या परंपरेहून निराळे वाटत नाही.

आता २०२० कडे परत येऊ. त्या एप्रिलमध्ये बारामतीत रुग्ण आढळल्यावर राजस्थानातील भिलवाड्याच्या धर्तीवर शहर पूर्ण बंद करण्यात आले. या भिलवाडा पॅटर्नची तेव्हा राज्यभर चर्चा झाली. जीवनावश्यक वस्तू घरपोच देण्याची व्यवस्था झाली. रोगाची साखळी तोडायची तर असेच केले पाहिजे, असे पुष्कळांचे मत होते आणि त्यात तथ्य होते. पण त्याच दिवसांत ज्यांचे पोट हातावर, त्यांची चूल थंड झाली. साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजूर कोप्यांत अडकून पडले. तपासणी करून त्यांना गावी जाऊ देण्याचा आदेश शासनाने १७ एप्रिलला काढला, तोवर त्यांनी आठवड्यांमागून आठवडे तसेच काढले होते. परप्रांतीय कामगार रेल्वेरुळांवरून चालू लागले. ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेल्या सोळा जणांवरून मालगाडी गेली. वसतिगृहांतून घरी परतलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता, त्यांची शाळा भिंतींसकट नाहीशी झाली.

आणखी एक शब्द त्या दिवसांत सर्वांच्या तोंडी होता. सामाजिक अंतर. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी हे अंतर गळ्यातल्या मडक्याने आणि कमरेच्या झाडूने मोजले, त्यांना हा शब्द ऐकताना काय वाटले असेल, हे आपल्या वाचकांना सांगावे लागू नये. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे शारीरिक अंतर असा शब्द सुचवला, आणि तोच खरा आहे. विषाणूपासून सहा फूट दूर राहणे ही प्रज्ञा होय. माणसाला कायमचे दूर ठेवणे ही अस्पृश्यता होय. दोन्हींना एकच नाव देणे बरे नव्हे.

म्हणूनच कडक बंदोबस्त हवा की नको, हा प्रश्न आम्हांस अपुरा वाटतो. सावित्रीमाईंच्या चरित्रातून निघणारा प्रश्न निराळा आहे. बंदोबस्त करताना गावाबाहेरच्या शेवटच्या घरापर्यंत कोण गेले? दार बंद करण्याचा हुकूम घेऊन गेले, की भाकरी, औषध आणि खांदा घेऊन गेले? हुकूम चुकला तर त्याला जाब विचारण्याची मुभा उरली का? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर कडक टाळेबंदीही लोक आपली म्हणून पाळतात. नसतील, तर सौम्य नियमही जुलूम ठरतो, आणि मग १८९७ प्रमाणे लोक रोगी लपवतात.

साथी पुन्हा येतील. तेव्हा आपल्या शाळेतून गेलेले कोणी तहसील कचेरीत असतील, कोणी पोलीस चौकीत, कोणी आरोग्य केंद्रात, कोणी पत्रकार म्हणून लेखणी धरून, तर कोणी गावातले साधे शेजारी म्हणून. प्रत्येकाच्या वाट्याला या कामाचा काही भाग येईलच. ज्याच्या हाती अधिकार असेल त्याने ओतूरचा जाब आठवावा. ज्याच्या हाती लेखणी असेल त्याने ती शेवटच्या घरासाठीही झिजवावी. आणि ज्याच्या हाती यांपैकी काहीच नसेल, त्यालाही पाठ आहे, हे मुंढव्याच्या त्या वाटेने शिकवले आहे.

क्रांतिज्योती सावित्रीमाईंच्या स्मृतीस आम्हां सर्वांचे विनम्र अभिवादन.